सभेत हात वर केला, आता पुढे काय? ख्रिस्तावरील विश्वासाच्या निर्णयाविषयी

प्रश्न विचारणाऱ्या ताई अठ्ठावीस वर्षांच्या आहेत, पुण्यात नोकरी करतात आणि त्यांचे घर वारकरी आहे. आई न्यूमोनियाने अतिदक्षता विभागात असताना कचेरीतील एका ख्रिस्ती मैत्रिणीने तिच्यासाठी प्रार्थना केली, आई बरी झाली, आणि तेव्हापासून काही महिने ताई त्या मैत्रिणीबरोबर उपासनेला जात आहेत. अलीकडे एका सभेच्या शेवटी "ज्यांना येशूला स्वीकारायचे आहे त्यांनी हात वर करावा" असे सांगितले गेले, तेव्हा त्यांचा हात वर गेला. आता तेथील पाळक (धर्मगुरू) पुढच्याच महिन्यात बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) घ्या असा आग्रह धरत आहेत. घरी यातले काहीच ठाऊक नाही आणि लग्नासाठी स्थळे पाहणे चालू आहे. त्यांनी विचारले आहे की आपला निर्णय खरोखर झाला आहे की नाही हे कसे ओळखावे, आणि बाप्तिस्मा घ्यावा की थांबावे.

मी कोण, हे आधी सांगणे योग्य होईल. मी प्रोटेस्टंट परंपरेतील मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, निवृत्त पाळक आहे, आणि बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या प्रौढांबरोबर बसून वाचन व चर्चा करणे हा माझ्या कामाचा मोठा भाग होता. तुम्ही ख्रिस्ताच्या व्हावे असे मला मनापासून वाटते, त्यामुळे मी तटस्थ आहे असा आव आणणार नाही. मात्र जो निर्णय तुमचा नाही तो तुमच्याकडून करवून घेण्यात माझा, मंडळीचा किंवा तुमचा काही लाभ आहे असे मला कधीच वाटलेले नाही.

तुमचा प्रश्न वाचताना मला असे दिसते की तुमच्यापुढे निदान चार वेगवेगळे निर्णय आहेत आणि त्या सभेतील हात वर करण्याने ते एकत्र बांधले गेले आहेत. येशू ख्रिस्त कोण आहे आणि त्याच्यावर भरवसा ठेवायचा का, हा पहिला. बाप्तिस्मा घेऊन एखाद्या मंडळीचे सभासद व्हायचे का, हा दुसरा. घरी काय, केव्हा आणि कोणाला सांगायचे, हा तिसरा. कागदोपत्री धर्म बदलायचा का, हा चौथा. हे चारही एकमेकांशी जोडलेले असले तरी त्यांचा वेग एक नसतो, आणि ते एकाच रविवारी उरकले पाहिजेत असा कोणताही नियम बायबलच्या नव्या करारात नाही. गोंधळ होतो तो बहुधा यामुळेच, की माणसाच्या मनात पहिला निर्णय अर्धा झालेला असतो आणि त्याला तारीख मात्र दुसऱ्याची दिली जाते.

पहिल्यापासून सुरुवात करू, कारण बाकीचे तीन त्याच्यावर उभे आहेत. तुमच्या बाबतीत त्याच्यात आईच्या आजाराची गोष्ट इतकी मिसळली आहे की ती आधी वेगळी काढावी लागेल. प्रार्थना झाली आणि आई बरी झाली, याबद्दल मी देवाचे आभार मानतो. डॉक्टरांनी दिलेली प्रतिजैविके आणि रात्रभर जागलेल्या परिचारिका यांच्यामार्फत देव काम करत नाही असे मानण्याचे मला कारण दिसत नाही. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथाच्या, सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी शुद्ध झाल्याची हकीकत आहे. दहाही बरे झाले, परत आला तो एकच, आणि तोही शोमरोनी म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने परका होता. आजार बरा होणे आणि येशूकडे परतणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे त्या हकिकतीत स्पष्ट दिसते. म्हणून अशा वेळी मी समोरच्याला एक कठोर वाटणारा प्रश्न नेहमी विचारत आलो: आजार उलटला, आणि त्या वेळी प्रार्थना करूनही आई वाचली नाही, तर येशूविषयीचे तुमचे मत काय राहील? "मग मी का मानू?" असे उत्तर मनात आले तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, मात्र त्याचा अर्थ असा की आजवर तुमचा व्यवहार आरोग्याशी झाला आहे, ख्रिस्ताशी अजून व्हायचा आहे. हे जाता जाता सांगतो: कोणी तुम्हाला विश्वासाचा पुरावा म्हणून आईची औषधे थांबवायला सांगितली, तर त्या माणसाचे त्या बाबतीत ऐकू नका.

मग ख्रिस्ताशी व्यवहार कसा करायचा? माझी रीत साधी होती. मार्कचे शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय आहेत, चारही शुभवर्तमानांत सर्वांत आटोपशीर, दीड-दोन तासांत एका बैठकीत वाचून होते. पहिल्यांदा ते तसेच एका दमात वाचा आणि नंतर रोज थोडे थोडे करून पुन्हा वाचा. वहीच्या एका बाजूला तुम्हाला येशू जिथे ओढून घेतो ती ठिकाणे लिहा आणि दुसऱ्या बाजूला तो जिथे खटकतो ती. ही दुसरी बाजू रिकामी राहिली तर मला काळजी वाटते, कारण मार्कमधला येशू सोपा नाही. तो पापांची क्षमा करण्याचा अधिकार आपल्याला आहे असे म्हणतो, जो अधिकार ऐकणाऱ्यांच्या मते केवळ देवाचा होता. तो श्रीमंत माणसाला सर्व काही विकायला सांगतो. आपल्या मागे येणाऱ्याने वधस्तंभ (क्रूस) उचलावा म्हणतो. हे सगळे वाचून "हा फार चांगला गुरू होता" एवढेच म्हणून पुस्तक मिटता येते का, हे स्वतः तपासून पाहा. मला ते कधी जमले नाही. ज्यांना जमते अशी शहाणी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याशी माझी मैत्रीही आहे.

इतिहासाचा आधार किती, हेही तुमच्यासारख्या सुशिक्षित माणसाने विचारावे. येशूला रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या कारकिर्दीत वधस्तंभावर मारले गेले, याला ख्रिस्ती लेखनाबाहेर रोमन इतिहासकार टॅसिटस याचाही दुजोरा आहे. पौल या आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकाने करिंथकरांना (करिंथ शहरातील मंडळीला) पहिले पत्र इ. स. 55 च्या सुमारास लिहिले, म्हणजे घटनेला जेमतेम पाव शतक झाले होते. त्याच्या पंधराव्या अध्यायात पुनरुत्थित (मेलेल्यांतून उठलेल्या) येशूला पाहिलेल्यांची यादी आहे आणि त्यांतील बरेच जण अजून हयात आहेत असे पौल लिहितो. त्याच अध्यायात तो असेही म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. इतिहास तुम्हाला एवढ्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडतो. शिष्यांनी फार लवकर आणि स्वतःच्या जिवावर उदार होऊन ही साक्ष दिली, हे तो सांगू शकतो, ती साक्ष मानण्याची सक्ती तो करू शकत नाही. तेथून पुढचे पाऊल भरवशाचे आहे. पण भरवसा म्हणजे डोळे मिटणे असे कोणी तुम्हाला शिकवत असेल तर पौलाचा हाच अध्याय त्याच्यापुढे ठेवा.

शंका उरल्या म्हणजे विश्वास नाही, असे अनेकांना वाटते आणि त्या धास्तीपोटी ते शंका दडपतात. मार्कच्याच नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला सांगतो की मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच वाक्यात दोन्ही आहे, आणि येशू त्याला परत पाठवत नाही. तेव्हा निर्णय झाला की नाही हे ओळखण्याची खूण शंका संपणे ही नव्हे. मी जी खूण पाहत असे ती अशी: एकटे असताना, गाणी आणि गर्दी नसताना, हा माणूस येशूशी बोलतो का? चूक झाल्यावर कोणासमोर जाऊन ती कबूल करतो? आणि येशूचे एखादे सांगणे पटले म्हणून, गैरसोय होत असतानाही, त्याने काही बदलले आहे का, मग ते बंद पडलेले बोलणे पुन्हा सुरू करणे असो की खोटे प्रवासबिल न लावणे असो? सभेतील अश्रू खरे असू शकतात, पण दुसऱ्या दिवशीचा सोमवार मला जास्त सांगतो.

आपल्याकडचीच दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतील. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. पुढे भारतात परतून काम उभे केल्यावर काही वर्षांनी त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, स्वतः ख्रिस्त सापडला नव्हता, आणि हे त्यांनी लपवले नाही. म्हणजे बाप्तिस्मा आधी झाला आणि ज्याला मी पहिला निर्णय म्हणतो तो नंतर पुरा झाला. दुसरे उदाहरण रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घराचे. तुमच्या घरात वारी आहे म्हणून सांगतो, तुकोबांच्या अभंगांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे टिळक म्हणत असत. त्यांनी फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या त्या पत्नी म्हणून, ख्रिस्ती म्हणून नव्हे, आणि पतीच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षांनी, स्वतःला पटल्यावर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. याच टिळकांनी 1917 साली 'देवाचा दरबार' सुरू केला, ज्यात ख्रिस्ताचे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे अनुयायी असावेत अशी त्यांची कल्पना होती. तेव्हाच्या अनेक ख्रिस्ती पुढाऱ्यांना ती रुचली नव्हती आणि मलाही ती संपूर्णपणे पटत नाही. पण बाप्तिस्म्यापूर्वीच्या काळाला मान आहे, तो पोकळ काळ नव्हे, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

आता बाप्तिस्मा. तुम्हाला कोणी सांगेल की नव्या करारात लोक ताबडतोब बाप्तिस्मा घेत, आणि ते खरे आहे. फिलिप्पै शहराच्या तुरुंगाधिकाऱ्याने विश्वास ठेवला त्याच रात्री घेतला, कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्याने रस्त्यात पाणी दिसताच घेतला. परंतु सुरुवातीच्या शतकांतील मंडळीने लवकरच तयारीचा काळ ठरवला, काही ठिकाणी तर तो तीन वर्षांपर्यंतचा होता, कारण छळाच्या काळात घाईने आलेली माणसे तितक्याच घाईने गळत. आजही कॅथोलिक परंपरेत प्रौढांना कित्येक महिने शिक्षण देऊन बहुधा पुनरुत्थानाच्या सणाच्या (ईस्टरच्या) आदल्या रात्री स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, दिला जातो. आमच्याकडे मी निदान काही महिने वाचन, चर्चा आणि नियमित उपासना झाल्याशिवाय तारीख देत नसे. बाप्तिस्म्याच्या वेळी सर्व मंडळीसमोर तुम्हाला मोठ्याने विचारले जाते की तुम्ही वाइटाचा त्याग करता का, पश्चात्ताप करता का, येशू ख्रिस्त आपला प्रभू व तारणारा आहे असा अंगीकार करता का. या प्रत्येक प्रश्नाला द्यायचे उत्तर आधी घरी बसून, कोणी ऐकत नसताना, स्वतःला देऊन पाहा. डोक्यावर पाणी ओतणे की पाण्यात बुडवणे, हा वाद तुमच्या अवस्थेत गौण आहे. आणखी एक सांगतो, नाव बदलण्याची काही गरज नाही. नारायण वामन टिळक अखेरपर्यंत नारायण वामनच राहिले.

घरचा प्रश्न मला सर्वांत नाजूक वाटतो आणि येथे परिस्थितीनुसार उत्तर बदलते. सांगितल्यावर मारहाण होईल, कोंडून ठेवले जाईल किंवा घाईने लग्न लावले जाईल अशी रास्त भीती असेल, तर आधी सुरक्षिततेचा विचार करा. अरिमथाईकर योसेफ भीतीमुळे गुप्त शिष्य होता, हे योहानाने लिहून ठेवले आहे आणि त्याबद्दल त्याला शिष्यांतून वगळलेले नाही. पण तुमच्या लिहिण्यावरून घरची माणसे प्रेमळ आहेत, दुखावतील एवढेच भय आहे, असे दिसते. तसे असेल तर त्यांना बाप्तिस्म्याचे छायाचित्र दुसऱ्याच्या मोबाइलवर पाहायला मिळावे, यासारखा अन्याय नाही. आधी एकाला सांगा, बहुधा आईला. "मी धर्म बदलते आहे" या वाक्याने सुरुवात करण्याची गरज नाही, कारण तुमचा पहिला निर्णय तो नाहीच. "तू दवाखान्यात होतीस तेव्हापासून मी येशूविषयी वाचते आहे आणि त्याला प्रार्थना करते आहे" हे खरेही आहे आणि आईला समजेल असेही आहे.

देवघर, आरती, प्रसाद यांविषयी मंडळ्यामंडळ्यांत मते वेगळी आहेत. माझे मत मी ज्या हकिकतीवर ठरवले ती जुन्या करारात राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. नामान हा अरामाचा सेनापती इस्राएलाच्या देवावर विश्वास ठेवून घरी परत निघतो, तेव्हा अलीशा संदेष्ट्याला एक अडचण सांगतो: माझा राजा रिम्मोनाच्या मंदिरात माझ्या हाताचा आधार घेऊन नमन करतो तेव्हा मलाही वाकावे लागते, या एका गोष्टीची परमेश्वराने मला क्षमा करावी. अलीशा त्याला व्याख्यान देत नाही, "शांतीने जा" एवढेच म्हणतो. यावरून सर्व काही चालते असा अर्थ मी काढत नाही. नामानाला स्वतःलाच ती गोष्ट टोचत होती हे महत्त्वाचे आहे. पण नव्याने विश्वासाकडे वळलेल्या माणसाने आईने हातावर ठेवलेला प्रसाद झिडकारून साक्ष देण्याची सुरुवात करावी, हे मला मान्य नाही. पुढे मनाला टोचू लागले तर आईला आधी समजावून, नम्रपणे, घेणे थांबवता येते. आणि वडील वारीला निघतात तेव्हा त्यांच्या पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या आणि पावसाचा कागद भरून देणे कोणत्याही विश्वासाच्या आड येत नाही. प्रभू येशूने आपल्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रीती करू नका असे म्हटले आहे हे मी विसरलेलो नाही. त्याच प्रभूने देवाला अर्पण केल्याचे निमित्त सांगून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना मार्कच्या सातव्या अध्यायात झापले आहे.

स्थळांबाबत मात्र उशीर करू नका. पाहायला येणाऱ्या मुलाला तुम्ही येशूला प्रार्थना करता हे लग्नानंतर कळावे, ही त्याची फसवणूक होईल. कायद्याच्या बाजूनेही हे महत्त्वाचे आहे, कारण हिंदू विवाह कायद्याखालील विवाहाला दोन्ही पक्ष हिंदू असावे लागतात. बाप्तिस्म्यानंतर हिंदू मुलाशी लग्न करायचे झाले तर 1954 चा विशेष विवाह कायदा किंवा 1872 चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा यांचा मार्ग घ्यावा लागतो.

चौथ्या निर्णयाविषयी थोडक्यातच लिहितो. बाप्तिस्म्याची नोंद मंडळीच्या वहीत होते, सरकारी कागद त्याने आपोआप बदलत नाहीत. धर्मबदल नोंदवायचा असेल तर महाराष्ट्रात राजपत्रात जाहिरात देण्याची पद्धत आहे. तुम्ही जातीचा उल्लेख केलेला नाही, पण अनुसूचित जातीचा दाखला असेल तर 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला तो दर्जा राहत नाही, आणि बाप्तिस्मा घेऊन तो दाखला वापरत राहणे हे कायद्याच्या आणि सत्याच्या दोन्ही दृष्टींनी चूक आहे. अनुसूचित जमातींना हा नियम लागू नाही. वडिलांच्या मालमत्तेतील तुमचा स्वतःचा वारसाहक्क धर्म बदलल्याने जात नाही. काही राज्यांत धर्मांतराची आगाऊ सूचना देण्याचे कायदे आहेत आणि हे नियम बदलत असतात, तेव्हा त्या वेळी लागू असलेला नियम एखाद्या वकिलाकडून लेखी समजून घ्या. तुमच्या निर्णयाच्या मोबदल्यात कोणी नोकरी, पैसा किंवा स्थळ देऊ करत असेल तर तेथून उठून जा.

राहिला पुढच्या महिन्यातला रविवार. तुम्ही लिहिले आहे त्यावरून मला वाटते की पहिला निर्णय तुमच्यात सुरू झाला आहे, पुरा झालेला नाही, आणि हात वर करणे ही त्या सुरुवातीची प्रामाणिक खूण होती. ती खोटी ठरवण्याची गरज नाही आणि तिच्यावर आताच शिक्का मारण्याचीही नाही. त्या पाळकांना सरळ सांगा की मी येशूकडे वळले आहे, पण शुभवर्तमान पुरते वाचलेले नाही आणि आईशी बोललेले नाही, तेव्हा ही तारीख मला नको, मात्र माझ्याबरोबर दर आठवड्याला बसून वाचणारे कोणी मला हवे आहे. चांगल्या पाळकाला हे ऐकून आनंद होईल. "दरम्यान काही बरेवाईट झाले तर?" असे त्यांनी विचारले, तर प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या गुन्हेगाराचा बाप्तिस्मा झालेला नव्हता आणि तरीही येशूने त्याला सुखलोकाचे वचन दिले, हे त्यांना तुमच्याआधी ठाऊक असायला हवे. त्यांनी तरीही आग्रह सोडला नाही, प्रश्न विचारणे म्हणजे सैतानाचे काम असे म्हणाले, किंवा मंडळीच्या हिशेबाविषयी आणि पाळकांवर देखरेख कोणाची आहे याविषयी बोलणे टाळले, तर दुसऱ्या एखाद्या मंडळीत काही रविवार जाऊन पाहा. मार्कचे वाचन मात्र त्यासाठी थांबवू नका, ते आज रात्रीही सुरू करता येईल.